व्याह्यांनी घोटलेला कोबा

नववी गाय तपासणीच्या खोड्यातून सुटली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा उलटा करून काढला, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून थोरल्या सुनेला आनंद झाला नाही. खरं तर बातमी चांगली होती. पण चांगली बातमीही कुणाच्या तरी डोक्यावर येऊन पडते, आणि ही कुणाच्या डोक्यावर पडणार ते तिला तिथल्या तिथे दिसलं.

नऊ गायींपैकी दोघींच्या गर्भपिशवीत व्यायल्यापासून घाण राहिली होती. त्यांना औषध लागणार होतं. बाकीच्या सात ठणठणीत होत्या. आजार नाही, अशक्तपणा नाही, खुराकात काही कमी नाही. घरातले गेले आठ महिने क्षारांची पुडी बदल, पेंड बदल, रेतनाच्या नळकांड्या बदल असं करत सुटले होते, आणि गायी मात्र आतून घड्याळासारख्या चालू होत्या.

"ही कवडी आठ-नऊ दिवसांपूर्वी माजावर होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या बोटांना कळतं ते. आणि ही चांदणी आज माजावर आहे. मग मला रेतनासाठी फोन का येत नाही?"

फोन करायचा की नाही हे या घरात एकाच माणसाच्या शब्दावर ठरत होतं. सगळ्यांनी आबांकडे पाहिलं.

आबा, म्हणजे तिचे सासरे, कुंपणाला टेकून उभे होते. कवडी माजावर नव्हती, असं ते शांतपणे म्हणाले. आणि चांदणी तर पहाटेपासून गोठ्यात खांबासारखी उभी आहे, ना हंबरली, ना कुणावर चढली. डॉक्टरीणबाई या भागात नव्या. जुने डॉक्टर फोन आला की यायचे, नळकांडी सोडून जायचे. या मात्र खोटं बोलायला शिकल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, आजोबा, गायीचं शरीर खोटं सांगत नाही. मग संध्याकाळी पाचपर्यंत चांदणीची खूण दिसली तर कळवा, येते, असं सांगून त्या गाडीत बसून निघून गेल्या.

आता आबांच्या नजरेबद्दल काय सांगावं. चाळीस वर्षं हा माणूस खुर्ची टाकून गायींपुढे बसला. कोणती कुणाच्या पाठीवर हनुवटी टेकते, कोण चढते, आणि मुख्य म्हणजे कुणावर चढलं तरी कोण हलत नाही, हे तो पाहत बसायचा. जी हलत नाही ती माजावर. व्यायल्यावर दोन महिने गायीला सावरू द्यायचं, आणि तिसऱ्या महिन्यात तिची वेळ अचूक पकडायची. ती सटकली की तीन आठवडे गेले. असे चार-पाच माज सटकले की दूध आटत जातं आणि गाय रिकामी उभी राहून खात राहते. आबांच्या हातून क्वचितच सटकायचा. शेजारपाजारचे लोक त्यांना बोलावून न्यायचे, आमच्या गायीकडे जरा बघता का म्हणून.

आणि गेल्या सव्वा वर्षात व्यायलेल्या सोळांपैकी नऊ गायी रिकाम्या होत्या.

*

बैठक दूधखोलीत बसली, कारण घरातली भांडणं तिथेच व्हायची. चार माणसं आणि एक सून, बसायला कॅन. नणंद काल मुद्दाम आली होती. ती दवाखान्यात परिचारिका. तीस वर्षं लोकांना सुया टोचल्यावर तिच्यापासून कुणाचं काही लपतच नसे. धाकट्या दिराचं म्हणणं महिनाभर एकच होतं: नऊही गायी शुक्रवारी व्यापाऱ्याच्या गाडीत चढवायच्या, मग उरलेल्याही हळूहळू काढायच्या, आणि गोठा गोदामाला भाड्यानं द्यायचा. दूधगाडी तो चालवायचा, रोज पहाटे तीनला उठायचा. त्याच्या जागी कुणीही हेच म्हणालं असतं. थोरला भाऊ, म्हणजे थोरल्या सुनेचा नवरा, कुणाच्याच बाजूनं नव्हता. त्याला भांडण झालं नाही की ते मिटलं असं वाटायचं. आज बुधवार होता.

आज सकाळपर्यंत नणंद वडिलांच्या बाजूनं होती. डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यानंतर ती सरकली. तिनं आधी आबांचे डोळे तपासायचे ठरवलं. त्यांना दाराशी उभं केलं, एक डोळा झाकायला लावला आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. आबांनी वाचलं. तारखा वाचल्या, तारखांखालची बारीक अक्षरं वाचली, आणि अगदी तळाला छापखान्याचा पत्ता होता तोसुद्धा वाचून दाखवला. मग दुसरा डोळा झाकून परत सगळं वाचलं. ऐंशीला टेकलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा उभा राहून वाचत होता. थोरल्या सुनेला ते बघवेना. ती उगाच गाळणं धुवायला लागली.

"डोळे तर चांगले आहेत," नणंद म्हणाली. तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती गोंधळली होती.

धाकटा हळूच म्हणाला, डोळ्यांचा प्रश्न नाही ताई, लक्ष राहत नाही आता. बसतात खुर्चीवर, पेंगतात. त्यात काय वाईट आहे, वय झालं. हे तो मायेनंच म्हणाला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. थोरल्यानं मान खाली घातली. त्याचाही तोच समज होता. खरं सांगायचं तर त्याच्या बायकोचाही होता. आबांच्या उशाशी असणारी माजाच्या नोंदींची वही पाच महिन्यांपूर्वी दिरानं काढून घेतली, तेव्हा ती एका शब्दानं बोलली नव्हती.

आबा कॅनवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"डोळे आहेत, नजर गेली," ते म्हणाले. "शुक्रवारी गाडी येऊ द्या."

इतकंच. चाळीस वर्षांचा गोठा, आणि दोन वाक्यांत संपला. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. दिराला हवं ते मिळालं होतं, पण तोही जिंकल्यासारखा दिसत नव्हता. तेवढ्यात थोरल्याला आठवलं, गायी अजून मागच्या आवारातच आहेत. जा, आत घे त्यांना, असं तो बायकोला म्हणाला. ती सुटल्यासारखी उठली.

*

मागचं आवार म्हणजे मातीचा मोठा चौकोन. सव्वा वर्ष त्याला कुलूप होतं, आणि ते तिनंच घातलं होतं. खोडा तिथे म्हणून आज उघडलं, एवढंच.

कुलपाची गोष्ट अशी. तिचे वडील गवंडी होते. साधे नव्हेत, घोटाईचे. त्यांनी केलेल्या फरशीवर पाणी सांडलं तर थेंब लांबपर्यंत धावत जायचा. इथला गोठा तेव्हा दगडगोट्यांचा आणि शेणाचा होता, आणि लग्न होऊन आल्यापासून तिनं पंचवीस वर्षं त्याचा राग केला होता. गेल्याच्या आदल्या वर्षी अखेर तिनं हट्ट धरला, कोबा घालायचाच. आबा नको म्हणाले होते. गुरांना मातीच बरी, असं काहीतरी. चार दिवस घरात अबोला होता. मग तिचे वडील स्वतःच आले, थापी घेऊन, सत्तरी उलटल्यावर. माझ्या लेकीचं काम मी करणार म्हणाले. व्याहीच गुडघे टेकून बसले म्हटल्यावर आबा काय बोलणार? सोळा दिवस ते त्या गोठ्यात सरपटत राहिले. दिवाणखान्याला करतात तसा कोबा त्यांनी गायींना केला. निळसर, गुळगुळीत, त्यात दिव्याचं प्रतिबिंब दिसावं असा. काम संपल्यावर दोन महिन्यांनी ते गेले. ते त्यांचं शेवटचं काम. आवारातला चिखल त्या कोब्यावर येऊ नये म्हणून तिनं आवार बंद केलं. गायी आत मोकळ्या होत्याच की. दूध स्वच्छ निघायला लागलं, आणि गोठा पाहायला माणसं यायला लागली. ती रोज दोनदा तो स्वतः धुवायची. कुणाला हात लावू द्यायची नाही.

तर ती फाटकाशी आली आणि थांबली.

मोरी नावाच्या गायीनं चांदणीच्या पाठीवर हनुवटी टेकली होती. मग ती सरळ चढली, पुढचे दोन्ही पाय वर घेऊन, सगळं वजन टाकून. आणि चांदणी हलली नाही. खाली उतरून मोरी परत चढली. चांदणी तशीच, पाय रोवून. पायांखाली माती दबली होती.

सकाळपासून खांबासारखी उभी असलेली हीच गाय.

काहीतरी चुकतंय एवढं तिला जाणवलं, पण काय ते अजून नीट कळलं नव्हतं. तिनं गायींना आत हाकललं. उंबऱ्यापर्यंत त्या झोकात आल्या. कोब्यावर खूर पडला आणि प्रत्येकीची चाल बदलली. लहान लहान पावलं, मान खाली, मागचे पाय फाकलेले. ओल्या न्हाणीघरात म्हातारी माणसं चालतात तशा. हे ती रोज पाहत होती. रोज पाहून तिला वाटायचं, किती शहाण्यासारख्या चालतात.

ती दारात उभी राहून पाहत राहिली. मोरी पुन्हा चांदणीजवळ आली. हनुवटी टेकली. पुढचे पाय वीतभर उचलले. मागचा खूर सर्रकन सरकला, आणि मोरीनं पाय खाली टाकले. तिनं परत प्रयत्न केला नाही. बाजूला जाऊन उभी राहिली. चांदणीही उभी राहिली. खांबासारखी.

आता थोरल्या सुनेला कळलं. आबांना दिसत नव्हतं, कारण दिसण्यासारखं काही घडतच नव्हतं. गायी दर तीन आठवड्यांनी माजावर येत होत्या, आणि पाय घसरायच्या भीतीनं मुक्या राहत होत्या. आणि एक माणूस त्यांच्यापुढे खुर्ची टाकून, डोळे फाडून बसत होता, आणि रोज थोडा थोडा स्वतःवरचा विश्वास घालवत होता.

*

तिनं आधी नवऱ्याला मागच्या बाजूला बोलावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. गोठ्यात जाऊन पाहून आला. मग तिच्याजवळ बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "हे कुणाला सांगू नकोस. मी उद्यापासून आत वाळू टाकतो, आवार उघडं ठेवतो. चिखलासाठी म्हणू. गायी ठीक होतील. तुझ्या बाबांचं नाव कशाला घ्यायचं? ते सांगायला तरी आहेत का आता?"

खरं तर तिला ते पटलं. निदान चारपाच श्वासांइतका वेळ तरी पटलंच. कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझ्या हट्टानं झालं. माझ्या वडिलांच्या शेवटच्या कामानं झालं. ज्या कोब्याकडे बघून ती बाबा आहेत असं समजायची, त्यावर सगळं घर बोट ठेवणार. दीर तर आयुष्यभर चिडवेल. आणि वाळू टाकली तर कुणाला काहीच कळणार नव्हतं.

"आणि शुक्रवारची गाडी?" तिनं विचारलं.

ती थांबवू, तो म्हणाला, मी काहीतरी कारण सांगतो. पण कोणतं कारण, ते त्याला सुचेना. आणि आबा? आबांचं काय, असं ती म्हणाली. त्यांची नजर गेली असंच राहू द्यायचं? वही परत कोण देणार त्यांना?

त्यानं पायाजवळची काडी उचलून मोडली. बिचारा वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सगळं झाकून ठेवता येतं असं वाटायचं.

ती उठली. दूधखोलीत तिघं अजून तशीच बसली होती. दीर व्यापाऱ्याशी फोनवर गाडीची वेळ ठरवत होता. तिनं हात पुढे करून त्याला फोन ठेवायला सांगितला. आजवर तिनं असं कधी केलं नव्हतं, त्यामुळे त्यानं ठेवला.

"आबांची नजर गेलेली नाही," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी घातलेल्या कोब्यावर गायींचे पाय ठरत नाहीत. माज येतो, पण त्यांना तो दाखवता येत नाही. आवाराला कुलूप मी घातलं. आठ महिने तुम्ही ज्याचं कारण शोधताय ना, ते मी आहे."

मग तिनं चांदणीचं सगळं सांगितलं, मातीवरचं आणि कोब्यावरचं.

पहिला दीरच बोलला. त्याला राहवलंच नाही. "घरचं झालं थोडं," तो म्हणाला, "आणि व्याह्यांनी धाडलं घोडं."

"तू गप्प बस," नणंद त्याच्यावर ओरडली. "चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आपण. मीच त्यांना कॅलेंडर वाचायला लावलं." आणि ती वडिलांकडे वळली, पण आबा जागेवर नव्हते.

ते आवारात गेले होते. गायी पुन्हा बाहेर सोडायला लावल्या, खुर्ची मागवली, आणि बसले. सुनेकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि ते तिच्या जिव्हारी लागलं. अर्धा तास गेला. मोरी चांदणीवर तीनदा चढली, ते तर आता धाकट्यालाही दिसलं. आबांनी डॉक्टरीणबाईंना पाच वाजता यायला सांगा म्हटलं. सकाळी अकराला माज दाखवला, संध्याकाळी भरवायची, घाई नको.

मग त्यांनी काठीनं कोपऱ्यातली लाल गाय दाखवली. लाल एकटी उभी होती, रवंथ करत. तिच्याजवळ कुणी फिरकतही नव्हतं.

"ही उद्या सकाळी," आबा म्हणाले.

सगळ्यांनी लालकडे पाहिलं. कुणाला काही दिसलं नाही. दीर म्हणाला, आबा, चांदणीचं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, ते कुणालाही कळेल. पण मी नुसत्या आशेवर नऊ जनावरं पोसायची का? त्याच्या बोलण्यातही तथ्य होतं. शेवटी ठरलं ते असं: उद्या सकाळी लाल माजावर आली तर तो व्यापाऱ्याला नको म्हणून कळवेल आणि कोब्याला खाचा पाडायचं यंत्र घेऊन येईल. नाही आली तर गाडी येईल, आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही. आबांनी मान हलवली. नणंदेनं एक दिवस रजा वाढवली.

*

त्या रात्री थोरल्या सुनेचा डोळा लागला नाही. लाल आली नाही तर काय, एवढंच डोक्यात फिरत होतं. कोबा आता उघडा पडला होता, बाबांचं नाव गेलंच होतं; पण त्यातून आबांचं परत मिळालं नाही, तर ती सगळं कशासाठी बोलली?

उजाडलं तशी ती उठली. बाबांची हत्यारं फळीवर होती. छिन्नी आणि हातोडा घेऊन ती गोठ्यात गेली. गायी आवारात, गोठा रिकामा. मधोमध बसून तिनं पहिला घाव घातला. छिन्नी उडाली. दुसरा घातला, तोही उडाला. बाबांनी इतकं पक्कं केलं होतं की वीतभर खाच पाडायला तिला पंधरा मिनिटं लागली. तिच्या हाताला फोड आले, आणि रडू आलं ते वेगळंच. ती घाव घालत राहिली.

दारात सावली पडली. आबा होते. त्यांनी खाचेवरून अंगठा फिरवला, वाकून.

"आडव्या पाड," ते म्हणाले. "उभ्या पाडल्यास तर पाय परत सरकतील."

तिनं मान हलवली. वर बघायची हिंमत होत नव्हती. आबा, माझं चुकलं, असं ती कसंबसं म्हणाली.

"चुकलंच," आबा म्हणाले. "सव्वा वर्ष मी स्वतःला म्हातारा समजत होतो." त्यांनी काठीनं खाचेतली भुकटी बाजूला सारली. मग म्हणाले, "तुझ्या बापाचा हात फार चांगला होता गं. जरा वाईट गवंडी असता, तर आज माझ्याकडे नऊ वासरं असती."

आणि ते हसले. पंचवीस वर्षांत तिच्या माहेराबद्दल आबांनी एवढं चांगलं कधी म्हटलं नव्हतं. तिला हसू आणि रडू एकदमच आलं, नाक पुसायचं की हातोडा धरायचा ते कळेना.

तेवढ्यात मागून नणंदेची हाक आली. तिला हाका मारायची सवय होती, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. आबा घाईनं वळले, काठी टेकत, आणि त्यांच्यामागे छिन्नी तशीच हातात धरून सून.

आवाराच्या कोपऱ्यात कवडी लालवर चढली होती. लाल मातीत पाय रोवून उभी होती, हलत नव्हती.

कुंपणाशी धाकटा उभा होता. दूध पोचवून नुकताच आला होता, गाडीची किल्ली अजून बोटात होती. त्यानंही ते पाहिलं. मग गाडीकडे गेला. त्यानं पुढच्या खणातून माजाची वही काढली, आणि तिच्यात अडकवलेली पेन्सिलसुद्धा, आणि ती आणून वडिलांच्या हातात दिली. फोन काढून तो व्यापाऱ्याचा नंबर लावत बाजूला गेला.

आबांनी खुर्चीत बसून वही गुडघ्यावर उघडली. पाच महिन्यांची कोरी पानं उलटली. मग चष्मा न लावता, मोठ्या अक्षरात लिहिलं: लाल. सकाळी साडेसहा. आणि वही सुनेपुढे धरून म्हणाले, "वेळ बरोबर आहे का बघ. माझ्या हातात घड्याळ नाही."